तिरका समास

एकोणीस ऑक्टोबरपासून घोटीचा समास सरळ झाला होता. धनराजने आधी फ्लॉपीला दोष दिला, मग चष्म्याला. फाइल बंद करून त्याने पुन्हा उघडली आणि पहिल्या तारखेपासून खाली सरकत आला. अठरापर्यंत सगळं जसं असायला हवं तसं वाकडं होतं, आणि एकोणीसला दुपारनंतर ओळी एकदम शहाण्यासारख्या वागू लागल्या होत्या. खाली रस्त्यावर नाशिकच्या द्वारका चौकातला नेहमीचा गोंगाट चालू होता, ऑफिसच्या खालच्या टायरच्या दुकानात कोणीतरी हवा भरत होतं, समोर चहा निवत होता. एखाद्याच्या घरातली भिंत रातोरात कोणी सरळ करून गेलं तर त्याने आनंद मानायचा की पोलिसात जायचं? धनराजला दोन्ही जमेना. तो नुसता बसून राहिला.

घोटीच्या एका धर्मादाय दवाखान्यात त्यांच्या कंपनीचा रुग्णनोंदणीचा प्रोग्राम आठ वर्षं चालू होता. दिवसभर आपण काय काय केलं ते हा प्रोग्राम एका फाइलीत ओळीओळीने लिहून ठेवी. तिला ऑफिसात लॉग म्हणत. कुठे काही बिघडलं तर लॉग वाचायचा, म्हणजे गडी कुठपर्यंत नीट चालत आला आणि कुठे ठेचकाळला ते दिसतं. प्रोग्रामचा प्रत्येक भाग कामाला लागताना आपली हजेरी लावी आणि काम संपवून निघताना निरोप घेई. एका भागाने दुसऱ्याला आत बोलावलं तर त्या दुसऱ्याची ओळ दोन जागा आत सरकून उमटे, आणि तो निघाला की समास पुन्हा मागे येई. अक्षरं इंग्रजी होती आणि रुग्णाचं नाव-वयही शेजारी उमटे, पण ते सोडलं तर शब्द असे :

आले : नवीन रुग्ण
  आले : खाट शोध
    आले : वॉर्ड तीन
    येते : वॉर्ड तीन
  येते : खाट शोध
येते : नवीन रुग्ण

घोटीच्या लॉगमध्ये मात्र एक खोड होती. दवाखान्यात खाट रिकामी नसली की खाट शोधणारा भाग ‘खाट नाही’ एवढं लिहून मधूनच बाहेर पडायचा, ‘येते’ न म्हणता. प्रोग्रामच्या कामात त्याने काडीचा फरक पडत नव्हता. रुग्णाला सांगायचं ते सांगितलं जाई. पण निरोपाची ओळ नाही म्हणून समास मागे यायचा राहून जाई, आणि पुढचा रुग्ण दोन जागा उजवीकडून सुरू होई. असे दहा जण परत गेले की समास वीस जागा सरकलेला. सकाळी डाव्या कडेला सुरू झालेला दिवस संध्याकाळी पार उजव्या टोकाला जाऊन पोचायचा. धनराज त्या उतरणीवरून दिवस ओळखू शके. तापाच्या साथीत ती खडी असे, भात कापणीच्या दिवसांत लोकांना आजारी पडायलाही सवड नसे तेव्हा सपाट. ही खोड काढायला चार ठिकाणी एकेक ओळ घालायची होती. दहा मिनिटांचं काम. धनराजला ते पहिल्याच महिन्यात कळलं होतं, आणि आठ वर्षांत त्याने ते केलं नव्हतं. कारण ती चूक हा प्रोग्राम लिहिणाऱ्या तृप्तीची होती, आणि तृप्तीचं म्हणून त्याच्याजवळ दुसरं काहीही नव्हतं.

दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तो घोटीला जाई, प्रोग्राम तपासे, लॉग फ्लॉपीवर घेऊन येई. नोव्हेंबरात तेवढा दिवाळीची सबब सांगून उशिरा जायचा, आणि मग काउंटरवरच्या लताबाई त्याच्याआधी फ्लॉपी एखाद्या कंडक्टरच्या हाती पाठवून देत. इतक्या जुन्या प्रोग्रामसाठी दर महिन्याला माणसाने जायचं काही कारण नव्हतं. ऑफिसात सगळे म्हणत की घोटी ही धनराजची सासुरवाडी आहे. कंपनीचे मालक सुनील सर तर त्याच्या देखत नव्या मुलींना सांगत, याला अमेरिकेचं काम द्या, नको म्हणेल, घोटीचं द्या, उपाशीपोटी पळेल. सगळे हसत, धनराजही हसे. चोराच्या मनात चांदणं असतं, तेव्हा तो जरा जास्तच मोठ्याने हसे.

देवळ्याहून तो पंच्याण्णव साली नाशिकला आला तेव्हा बावीस वर्षांचा होता. बी.एस्सी. झालेला, पाठोपाठ सहा महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स केलेला, आणि तोंड उघडलं की अहिराणी बाहेर पडेल या भीतीने मूग गिळून बसणारा. पहिल्याच दिवशी स्क्रीनवर काही भलतंच आलं आणि त्याच्या तोंडून गेलं, “हाई काय शे?” शेजारच्या टेबलावरची बाई खुर्ची फिरवून म्हणाली, “ते तू मला नको विचारू, त्यालाच विचार.” ती तृप्ती. त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी आणि कामात खूपच मोठी. तो तिला मॅडम म्हणे, अहो-जाहो करी. तिने चारदा सांगून पाहिलं, मग नाद सोडला. तिचं म्हणणं असं की प्रोग्राम चुकला तर त्याच्यावर डाफरायचं नाही, त्याला बोलतं करायचं. आत आलास की सांग, निघालास की सांग. इतर लोक लॉगमध्ये ‘सुरू’ आणि ‘समाप्त’ असलं कोरडं काहीतरी लिहीत. ती ‘आले’ आणि ‘येते’ लिही. धनराजने एकदा विचारलं, की काम संपवून चाललाय तो, मग ‘जाते’ का नाही. ती म्हणाली, तुमच्या देवळ्याला घरातून निघताना जाते म्हणतात का कोणी? लांबच लांब कागदावर लॉग छापून ती तो जमिनीवर अंथरायची, वर लाकडी फूटपट्टी उभी धरून गुडघ्यांवर पुढे पुढे सरकायची, आणि समास जिथे मागे यायला चुकला असेल तिथे बोट ठेवायची. बहुतेक वेळा बोटाखालीच चूक असे. धनराज कागदाचं दुसरं टोक धरून बसे. पंख्याच्या वाऱ्याने कागद उडू नये एवढंच त्याचं काम, पण त्या दोन वर्षांत त्याला दुसरं कुठलं काम यापेक्षा महत्त्वाचं वाटलं नाही. तिच्या मनगटाला शाई लागलेली असायची. ती विचारात असली की खालचा ओठ दातांत धरायची आणि चूक सापडली की सोडायची. तो ओठाकडे बघे, तिला वाटे कागदाकडे बघतो.

सत्त्याण्णवच्या ऑक्टोबरात दोघं प्रोग्राम बसवायला घोटीला गेले. सगळं झालं, आणि निघताना डॉक्टरांनी नवंच काढलं. खाट नसेल तेव्हा रुग्णाला कुठे पाठवायचं, तेही स्क्रीनवर यायला हवं. तृप्ती परत बसली. डॉक्टर मागे उभे, बाहेर शेवटच्या गाडीची वेळ होत आलेली. अर्ध्या तासात तिने ते लिहून दिलं, धनराज शेजारी बसून तिच्या हातांकडे बघत राहिला. परतीच्या बसमध्ये मुंढेगाव मागे पडल्यावर ती खिडकीकडे बघत म्हणाली, “माझं ठरलंय. डिसेंबरात लग्न आहे.” धनराज म्हणाला, “अरे वा.” त्याला दुसरं बरंच काही म्हणायचं होतं, दोन वर्षं मनातले मांडे मनात भाजून तयार होते. पण तोंडातून आलं ते हे. विल्होळी आल्यावर तिने बडोद्याची हवा कशी असेल असं काहीतरी विचारलं. महिन्याभराने तिने नोकरी सोडली. निरोपाच्या दिवशी धनराज रजेवर होता. रजा मुद्दाम घेतली होती, हे त्याने कोणाला सांगितलं नाही.

आणि मग घोटीचा पहिला लॉग आला, तिरका. धनराजने तो छापला, जमिनीवर अंथरला, फूटपट्टी धरली आणि एकट्याने सरकत सरकत चारही ठिकाणी बोट ठेवलं. जी बाई दुसऱ्याचा एक निरोप चुकू देत नसे, ती स्वतः चारदा निरोप घ्यायला विसरली होती. का? हा प्रश्न त्याने आठ वर्षं पुरवून पुरवून खाल्ला. त्या अर्ध्या तासात तिचं मन थाऱ्यावर नव्हतं हे उघड होतं. मग कुठे होतं? बडोद्याला, की शेजारच्या खुर्चीवर? बसमध्ये काय सांगायचं याची जुळवाजुळव ती मनात करत होती, आणि सांगितल्यावर समोरचा काय म्हणतो याची वाट बघत होती, असं तर नसेल? काही दिवस त्याला खात्री वाटे, काही दिवस स्वतःचं हसू येई. देवळ्याहून आई स्थळं कळवी. तो एकदोनदा मुली बघून आला आणि दोन्ही वेळा ‘विचार करून सांगतो’ म्हणून परत आला, ते आजतागायत विचारच चालू होता. आई थकली, तिने कळवायचं सोडून दिलं. जोवर तो समास तिरका आहे तोवर प्रश्न उघडा आहे, आणि प्रश्न उघडा आहे तोवर सगळं संपलेलं नाही, असा काहीसा हिशेब त्याच्या मनाने परस्पर करून टाकला होता. आता कोणीतरी येऊन तो समास सरळ केला होता. आणि एकोणीस तारखेच्या दुपारी नव्याने उमटलेल्या ओळींमध्ये ‘समाप्त’ नव्हतं. ‘येते’ होतं. तसं लिहिणारं जगात एकच माणूस होतं. ती आली होती, त्याच्या घोटीला येऊन गेली होती, आणि त्याला कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने सुनील सरांना सांगितलं की घोटीला काहीतरी बघावं लागेल. सर म्हणाले, जा बाबा जा, जावयाला कोण अडवणार. तो सीबीएस स्टँडवरून गाडीत बसला. पांडवलेणी गेली, पाथर्डी फाटा गेला, आणि त्याच्या लक्षात आलं की आपण मनात दोन माणसांचं संभाषण चालवतो आहोत, आणि त्यातली दोन्ही माणसं खोटी आहेत. तिचा आवाजसुद्धा त्याला धड आठवेना. आठवत होतं ते मनगट, शाई, कागदाची करकर. इतकी वर्षं ज्या माणसासाठी झुरलो त्याचा आवाज आपल्याला आठवत नाही याची त्याला लाज वाटली. मग भीती वाटली, की ती आली आणि बघितलं असेल की चूक तशीच आहे, तर तिला काय वाटलं असेल? दोन वर्षं गुडघ्यांवर बसून शिकवलं, आणि या गाढवाला आठ वर्षांत चार ओळी दिसल्या नाहीत. पालथ्या घड्यावर पाणी. घोटीच्या स्टँडवर उतरला तेव्हा गिरण्यांतून भाताच्या तुसाचा गरम वास येत होता.

काउंटरवरच्या लताबाई चार वर्षांपूर्वी लागलेल्या, घोटीच्याच. त्यांना वाटलं की साहेब रागावून आले आहेत, म्हणून त्या आधीच खुलासा करू लागल्या. एक बाई शेजारणीला दाखवायला आल्या होत्या, इगतपुरीच्या. नवऱ्याची बदली होऊन बडोद्याहून आत्ताच तिकडे आलेल्या. केसपेपर काढताना त्यांनी वाकून स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाल्या, हा प्रोग्राम मी लिहिलाय. “मी म्हनलं, असं कसं कोनाला बसू द्यायचं? तर त्यांनी पासवर्डच टाकला की हो. मला पन ठाऊक नाय तो. मग मी काय बोलनार?” धनराजने आठ वर्षांत पासवर्ड बदलला नव्हता, हे लताबाईंच्या लक्षात आलं नाही. त्याने विचारलं, बाई काही म्हणाल्या का. “म्हनल्या, चार जागी राह्यलंय, यांना दिसलं नाय वाटतं. हसल्या जराशा.” बसमध्ये धनराजला ज्याची भीती वाटत होती तेच हे होतं. ऐकल्यावर उलट हायसं वाटलं, निदान आता कळलं तरी. त्याने आभार मानले, आणि सहज म्हणून विचारलं की दहा मिनिटांत आटोपलं असेल. “छ्या. चार वाजले की. शेजारीन बसून बसून दमली. ते झालं, मग त्या जुन्या फायली उघडून वाचीत बसल्या. लय टाइम. मी चहा दिला, तो पन तसाच राह्यला.”

धनराजने काउंटरची कड धरली. जी गोष्ट त्याने स्वतःलासुद्धा कधी नीट शब्दांत सांगितली नव्हती, ती त्या जुन्या फाइलींत होती. प्रोग्राम तपासायचा म्हणजे एखादा खोटा रुग्ण घालून बघावा लागतो. नाव काही का असेना, नंतर नोंद पुसून टाकायची. पहिल्या वेळी, तिच्या लग्नानंतरच्या महिन्यात, बोटांखाली जे नाव आलं ते त्याने टाकलं. तृप्ती, वय सव्वीस. खाट नव्हती, नोंद परत गेली, त्याने ती रजिस्टरमधून पुसली. पुढच्या महिन्यात पुन्हा. नोव्हेंबरात तो घोटीला अठरा तारखेलाच जायचा, कारण तो तिचा वाढदिवस होता, आणि त्या दिवशी वय एकाने वाढवून लिहायचा. सत्तावीस. अठ्ठावीस. एकोणतीस. एकतिसाव्याला वॉर्डात खाट रिकामी होती, तर तीन मिनिटं तिचं नाव खिडकीजवळच्या खाटेवर दिसलं आणि त्याला ते पुसवेना. नोंदी त्याने दर वेळी न चुकता पुसल्या होत्या. लॉग पुसायचं त्याला एकदाही सुचलं नाही. जो लॉग काही विसरत नाही म्हणून तिने त्याला वाचायला शिकवला, त्याच लॉगमध्ये महिन्यामागून महिना तिचं नाव आणि वय लिहिलेलं होतं, आणि ती चार वाजेपर्यंत बसून ते वाचत होती.

काही अडलं तर असावा म्हणून तिने लताबाईंकडे नंबर ठेवला होता. धनराज दवाखान्यातून बाहेर पडून बाजारातल्या एसटीडी बूथवर आला. त्याने ठरवलं की माफी मागायची आणि ठेवून द्यायचा, लांबण लावायची नाही. फोन तिनेच उचलला. आवाज ऐकल्याबरोबर त्याला आठवला, तो विसरला होता असं म्हणायलाही जागा उरली नाही. त्याने नाव सांगितलं. ती खूपच भराभर बोलली. बदलीबद्दल, इगतपुरीच्या धुक्याबद्दल, क्वार्टरच्या गळक्या नळाबद्दल. सुनील सर अजून सगळ्यांना तसेच चिडवतात का, आणि तो कागद अंथरायची जागा अजून आहे का, असंही तिने विचारलं. आहे म्हणाला, आता तिथे झेरॉक्सचं मशीन ठेवलंय.

“चार ठिकाणी राहिलं होतं बघ,” ती म्हणाली.

“दिसलं होतं, मॅडम. पहिल्याच महिन्यात.”

“हो. ते मला नंतर कळलं, त्या जुन्या फाइली वाचताना.”

त्याला माफी मागायची होती, पण त्याआधी आठ वर्षांचा तो प्रश्न आपणहून बाहेर आला. “तेव्हा कसं काय राहिलं हो तुमच्याकडून? चार ठिकाणी?”

“अरे, डॉक्टर डोक्यावर उभे होते ना,” ती म्हणाली. “शेवटची गाडी चुकेल म्हणून घाई केली. घाईत राहिलं.”

तर एवढंच होतं. बडोदा नव्हतं, शेजारची खुर्ची नव्हती. शेवटची गाडी होती. धनराजला वाटलं होतं की हे उत्तर कधी मिळालं तर आपण कोसळू. तसं काही झालं नाही. काचेबाहेर एक माणूस फोनसाठी खोळंबून उभा होता, तो घड्याळ बघू लागला.

“धनराज,” ती म्हणाली. आता ती भराभर बोलत नव्हती. “तू माझं वय बरोबर वाढवत गेलास.”

“चुकलं माझं. मी ते सगळं काढून टाकतो. आत्ताच परत जाऊन—”

“नाही चुकलं. एकदाही नाही चुकलं. दर अठराला.” तिकडे कुठेतरी गाडीची शिटी झाली, ती संपेपर्यंत ती थांबली. “आमच्याकडे नाही कोणाच्या लक्षात राहत. माणसं वाईट नाहीत हं, फक्त नाही राहत. मीसुद्धा सोडून दिलं होतं. त्या दिवशी काउंटरवर बसून मी एकेक वर्ष वाचत गेले. मला वाटलं, म्हणजे मी होते की कुठेतरी.”

धनराजच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्याने येऊ दिलं, बत्तीस वर्षांचा बाप्या बाजारात उभा राहून रडतो आहे याची त्याला पर्वा वाटली नाही. इतकी वर्षं तो समजत होता की आपण एक चूक सांभाळून ठेवली आहे. आपण एक माणूस सांभाळलं, हे त्याला ती सांगत होती.

“आता मात्र तिथे नको टाकूस ते नाव,” ती म्हणाली. “दवाखाना आहे तो.”

“बरं.”

“या वर्षीचं राहिलंच मग.”

“चौतीस,” तो म्हणाला. “पुढच्या शुक्रवारी चौतीस.”

हे त्याने पहिल्यांदाच कोणाला तोंडाने सांगितलं होतं. पलीकडे तिने फोन ठेवला नाही. धनराजने काचेबाहेरच्या माणसाला हाताने थांबायची खूण केली.